ज्यांच्या हातांवर शिकले

शिरेत सुई लावायला मी भंडाऱ्यात शिकले, आणि ज्यांच्या हातांवर शिकले ती बहुतेक माणसं सत्तरीपुढची होती. तेव्हा प्रॅक्टिकलच्या खोलीत सगळ्या बॅचला मिळून एकच डमी होती. अंथरुणातली आंघोळ, चादर बदलणं, पट्टी बांधणं एवढं तिच्यावर व्हायचं. सुईसाठी वॉर्डातच जावं लागे. स्टुडंट ट्रे घेऊन आलेली दिसली की तरुण पेशंट हात मागे घेत, मोठ्या सिस्टरला बोलवा म्हणत. म्हातारी माणसं काही म्हणत नसत. मोहाडी, लाखांदूरकडून आलेली, सोबत कुणी नसलेली ती माणसं मुकाट्याने हात पुढे करत. त्यांची कातडी पातळ, खाली चरबी उरलेली नाही, शिरा दिसायला ठसठशीत पण सुई टेकली की सरकणाऱ्या. शिकणाऱ्या मुलीसाठी सगळ्यांत अवघड हात तोच, आणि आमच्या वाट्याला पहिल्यांदा यायचाही तोच.

एक बाबा मला म्हणाले होते, "शिक वं माय, शिक. कोनाच्या ना कोनाच्या हातावर शिकाच लागते." त्या वेळी ते मला नुसतं धीराचं बोलणं वाटलं. ते देणं होतं, हे समजण्याची अक्कल मला तेव्हा नव्हती.

ती अक्कल दिली आमच्या ट्यूटर मॅडमनी. एका दुपारी त्यांनी आम्हाला एकमेकींना भरवायला लावलं. एकीने खाटेवर सपाट झोपायचं, दुसरीने उभ्याने चमच्याने पेज पाजायची, बोलायचं नाही. दोन-तीन चमच्यांतच मला ठसका लागला आणि जीव घाबरला. मग त्यांनी खाटेचं डोकं वर करायला सांगितलं. पाजणारी समोर बसली, प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबली, आणि तीच पेज नीट उतरली. वयस्कर माणसाला बसतं करून पाजावं, जेवणानंतर लगेच आडवं करू नये, अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, हे सगळं पुस्तकात होतंच. माझ्या घशाला ते त्या दुपारी कळलं, आणि नवख्या हाताला आपलं शरीर देणं म्हणजे काय, हेही. पुढे कधी घाईत वॉर्डात जेवण द्यायची वेळ आली, तरी उभ्याने पाजायला माझा हात धजला नाही.

मिसेस चेजची गोष्टही पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकली. अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेने 1911 मध्ये एक माणसाएवढी बाहुली करून घेतली, तीच मिसेस चेज. ती करणाऱ्या मार्था चेज मुळात मुलांच्या बाहुल्या करत. काही वर्षांतच इंजेक्शनचा सराव करता येईल अशी दंडाची सोय तिच्यात झाली. 1960 मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डल यांनी श्वास देण्याच्या सरावासाठी 'रिससी अ‍ॅन' घडवली. तेही खेळणी करणारेच. पेशंटला हात लावण्याआधी चुकायला जागा हवी, हा विचार इतका जुना आहे हे ऐकून आम्ही चकित झालो होतो. आमच्याकडे ती जागा म्हणजे मॅडमनी मांडलेली एक रिकामी खाट होती. मला ती पुरली.

पुढे मी स्वतः ट्यूटर झाले. आता परिस्थिती बदलली आहे. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून केलेल्या सरावाला, जागा दिली. गुरुग्रामच्या एसजीटी विद्यापीठात राष्ट्रीय संदर्भ सिम्युलेशन केंद्र उभं राहिलं. आजच्या मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या बाहुलीची, छाती वरखाली होते, नाडी लागते, ती कण्हतेही. पण यंत्रापेक्षा मोलाची वाटली ती नंतरची बैठक. प्रसंग करून झाला की सगळ्यांनी बसायचं आणि काय दिसलं, काय सुटलं, त्या क्षणी मनात काय होतं, हे न रागावता बोलायचं. आमच्या वेळी वॉर्डात चूक झाली की ओरडा बसे, म्हणून चूक लपवायची सवय लागे. या बैठकीत मुली आपणहून सांगतात. उदाहरणार्थ, म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नसतं. कधी तो फक्त बरळायला लागतो, जेवत नाही, गुंगीत राहतो. हे एकदा मॅनिकिनजवळ निसटलं आणि त्यावर बोलणं झालं की वॉर्डात ते सहसा निसटत नाही.

म्हातारपण स्वतः घालून पाहण्याची वाट पॅट्रिशिया मूर या अमेरिकन डिझायनर बाईंनी दाखवली. 1979 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्यांनी वृद्धेचा वेश घेतला. सांधे आवळले, कानांत बोळे घातले, नजर धूसर केली आणि जवळजवळ तीन वर्षं अधूनमधून त्या वेशात अनेक शहरांत वावरल्या. अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेने पुढे असाच एक पोशाख तयार केला. आमच्याकडे तो नाही. आम्ही जुन्या चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन लावतो, कानांत कापूस, बुटांत हरभरे, दोन-दोन हातमोजे, गुडघ्याला घट्ट क्रेप बँडेज. मग मुलीला केसपेपरच्या रांगेत उभं करतो, पाकिटातून गोळी काढायला लावतो, श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला देतो. ओरडून बोलल्याने बहिऱ्याला ऐकू येत नाही, हे इथे लगेच कळतं. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ ही अक्षरं निसटतात. ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द उलगडत नाही. समोर येऊन, खालच्या पट्टीत, सावकाश बोलावं लागतं.

आणि मग व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव. अल्झायमर्स रिसर्च यूके या संस्थेने 2016 मध्ये 'अ वॉक थ्रू डिमेन्शिया' हे मोबाइल अ‍ॅप आणलं. पुठ्ठ्याच्या चष्म्यात फोन अडकवला की स्मृतिभ्रंश झालेल्या बाईच्या नजरेने आपण दुकानात, रस्त्यावर, स्वतःच्या घरात फिरतो. दुकान विलायती, भाषा इंग्रजी. तरी घरच्यांसाठी चहा करताना तिचा उडणारा गोंधळ पाहिला आणि मला माझी आजी दिसली.

आमचं गाव पवनीकडचं, वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली, आणि पुढे पाणी चढत आलं तसं गाव उठलं. आजी पुनर्वसनाच्या वसाहतीत आली. काही वर्षांनी ती रोज संध्याकाळी पिशवी घेऊन निघू लागली. "मी घरी जातो," म्हणायची. आम्ही म्हणायचो, "आजी, घर पान्यात गेलं ना." ती दरवेळी नव्याने ऐकायची आणि नव्याने रडायची. घरात सगळे त्याला म्हातारचळ म्हणत. मी नर्सिंग शिकत होते, पण हा आजार आहे, हे माझ्याही ध्यानात आलं नाही. तो चष्मा उतरवल्यावर कळलं की तिला खरं-खोटं पटवून देण्याची गरजच नव्हती. "घरी काय काय होतं, सांग बरं," एवढं विचारून तिच्यासोबत चार पावलं चालायला हवं होतं. आज मी मुलींना ते शिकवते. आजी त्याआधीच गेली. तिचं ऋण माझ्याकडे राहिलं आहे.

वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांच्या वृद्ध कक्षाची तरतूद आहे. खाटा मिळतील, पण तिथल्या मुलीला त्या माणसाचं जग ठाऊक हवं. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सिंग शाळांना माझी विनंती आहे की महागड्या हेडसेटसाठी थांबू नका. व्हॅसलीन लावलेला चष्मा आणि एक फोन यावर सुरुवात होते. प्रसंग मात्र इथले लिहा, झाडीबोलीत बोलणाऱ्या आजीचे, बांधीवरून वाट चुकलेल्या बाबांचे, पाण्यात गेलेल्या घराचे. ते कसे लिहायचे हे गावातल्या वृद्धांना वर्गात बोलावून विचारा आणि त्यांना मास्तराचा मान द्या. घरच्यांनो, सराव करून आलेली मुलगी तुमच्या आई-वडिलांजवळ बसायला आली तर तिला बसू द्या. पहिली सुई मात्र तिने डमीवरच टोचलेली असावी, एवढी खात्री आम्ही शिकवणाऱ्यांनी द्यायला हवी.