पंधरा ते पन्नास

परदेशातला जुन्या गाड्यांचा मेळावा म्हटलं की आपल्याला आठवतात राजेमहाराजांच्या रोल्स रॉइस. दोरीपलीकडून बघायच्या, हात लावायचा नाही! जुलै २०२४मध्ये भाचीकडे तोरिनोला गेलो होतो, तेव्हा तिने मला जो मेळावा दाखवला तो मात्र अगदी घरगुती निघाला.

गार्लेंदा हे इटलीतल्या लिगुरियामधलं चिमुकलं गाव. इथे १९८४ साली 'फियाट ५०० क्लब इटालिया' सुरू झाला आणि दर जुलैत इथे त्यांचा मेळावा भरतो. गाडी एकच, १९५७ साली आलेली फियाट ५००. लांबी जेमतेम तीन मीटर, इंजिन मागे, तेही सुरुवातीला फक्त ४७९ सीसीचं! स्कूटरवरून चारचाकीत येणाऱ्या साध्यासुध्या कुटुंबांची ही गाडी. शेतात, गल्लीत, जिकडे बघावं तिकडे लाल, पिवळ्या, आकाशी गाड्या. कुणी टपावर बॅगा बांधून सहकुटुंब आलेलं, कुणी सावलीत जेवायला बसलेलं.

या गाडीच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागतो. एक आजोबा नातीला तेच शिकवत होते. ती चुकली की गिअर करकरायचा, आणि आजोबा हसून पुन्हा सांगायचे. पलीकडे टेबलांवर रबरं, काचा, दिवे, मॅट असं सगळं नवं कोरं विकायला होतं. गाडीचं उत्पादन १९७५ला थांबलंय, बरं का!

गंमत म्हणजे ही गाडी घडवणाऱ्या दान्ते जाकोझा यांचीच फियाट ११००. म्हणजे आपली 'डुक्कर फियाट' आणि पुढे कुर्ल्यात बनलेली पद्मिनी, दोघीही त्याच घराण्यातल्या. तरी त्यांच्या नशिबात एवढा फरक का?

मला वाटतं, प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. इटलीत गाडी वीस वर्षांची झाली की ऐतिहासिक म्हणून तिची नोंद करता येते. आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं लागतात. आणि पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंग. म्हणजे पंधरा ते पन्नास, ही पस्तीस वर्षं गाडी नुसती 'जुनी' असते. ना कौतुक, ना किंमत. राजांच्या गाड्यांना गॅरेजही असतं आणि नोकरही. भंगारात जाते ती आपल्यासारख्यांची गाडी. क्लबचं खरं काम गाड्या मिरवणं नाही, तर तिला ही मधली वर्षं पार करून देणं. सुटे भाग बनवून घ्यायचे, मिस्त्री टिकवायचे, पुढच्या पिढीला गिअर टाकायला शिकवायचं.

मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचे भागही मिळत आणि मिस्त्रीही. ऑक्टोबर २०२३अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

आता घरच्या मंडळींसाठी. काकांची पद्मिनी १९८६ची, तिच्या पासिंगची मुदत २०२६ला संपते. 'देऊन टाकू, सोसायटीत जागा अडते' असं तुम्हा सगळ्यांचं चाललंय, आणि काका काही बोलत नाहीत. पण ते अजूनही दर रविवारी चोक ओढून ती सुरू करतात, हे खाली राहणारे सांगतील. तिला विंटेज म्हणायला २०३६ उजाडेल. म्हणजे सगळी मिळून आणखी दोन पासिंगं! निम्मा खर्च माझा. आणि दादा, तुझ्या चिन्मयला सुट्टीत काकांकडे पाठव. स्टिअरिंगजवळचा गिअर कसा टाकायचा ते काका शिकवू शकतात तोवर शिकून घेऊ दे. बघा, पटतंय का.