आमचा निवाडा

शहापूरहून मुरबाडास आमचे जाणेयेणे असे, ते एका ख्रिस्ती स्नेह्यांकडे. गतवर्षी ते अंथरुणास खिळले असता उशाशी शास्त्रवाचन करण्याचे ठरले. परंतु मुंबईत शिकलेल्या दोघा मुलांत वाद पेटला. थोरल्यास 1611 चे इंग्रजी बायबलच प्रमाण, तर धाकट्यास 1978 चे सुबोध भाषांतर प्रिय. इंग्रजीचे अध्यापक म्हणून निवाडा आम्हांकडे आला, आणि आम्हीही जुन्या भाषेच्या गांभीर्यावर घटकाभर व्याख्यान झोडले!

तेव्हा स्नेह्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "सर, यांना यातलं काय कळणार?" त्यांनी पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल पुढे केले. साध्यासुध्या स्त्रियांनाही समजावे, म्हणून रमाबाईंनी ते मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत उतरविले. 1922 साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.

धाकट्याने वाचले, थोरल्याने दिवा धरला. आजाऱ्याचे ओठ हलू लागले. कोणते भाषांतर शुद्ध, हा वाद विद्वानांनी सुखेनैव करावा. ज्यांना ऐकावयाचे त्यांची भाषा कोणती, एवढे मात्र आम्ही विचारलेच नव्हते.