सुरकुत्यांचा पाहुणा

माणसाला सुरकुत्या म्हातारपणी येतात. पग कुत्र्याला मात्र जन्मजातच. २००३ साली हचच्या जाहिरातीत मुलामागे दुडदुडणारा हा मूळचा चिनी कुत्रा पुढे आमच्या चंद्रपुरातही आला. सध्या मुलाने एक पाळलाय. तो ड्युटीवर गेला की त्याचं सगळं माझ्याकडे.

नाकावरच्या घडीत ओल आणि अन्नाचे कण साचतात. मग जंतू वाढतात, वास येतो, कातडी लाल होते. म्हणून रोज ओल्या मऊ फडक्यानं घडी पुसायची आणि लगेच कोरडी टिपायची. ओल राहिली तर पुसणं व्यर्थ.

खरी परीक्षा मे महिन्यात. इथला पारा ४५ अंशांपुढे जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे धापही अपुरी पडते. फिरणं पहाटेच, दुपारी कूलर. जीभ निळसर पडली किंवा तोल जाऊ लागला, तर अंग पाण्यानं भिजवून थेट पशुवैद्याकडे.

शेजारी म्हणतात, "गुरुजी, गोड आहे हो, आम्हालाही आणायचाय." मी सांगतो, गावठी पिल्लू घ्या, त्याला आपला उन्हाळा ठाऊक आहे. याचा गोडवा आपल्या वाट्याला येतो, धाप मात्र त्याच्या.