ओल्या डब्यातली काच

लग्न होऊन भोपाळला आले, तेव्हा भानपूरची खंती माझ्या फक्त नाकाला माहीत होती. विदिशेच्या रस्त्याला लागलं की पदर आपोआप नाकाला जायचा. 2018 मध्ये ती बंद झाली, कचरा आदमपूर छावणीला जाऊ लागला. सुटलो बाई, असं आम्ही म्हटलं. खंतीवर पन्नी वेचून ज्यांची चूल पेटायची, त्यांचं काय झालं, हे मीही विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचरागाडीवरच्या बाईचा तळहात चिरला. काच माझ्याच डब्यातली. लोणच्याची फुटकी बरणी मी दुधीच्या सालींखाली दडपली होती. पाणी गाळून पिणारी मी!

"टाँके लगे, भाभी. चार दिन की मजूरी गई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

ओला, सुका, घातक कचरा घरातच वेगळा करायचा, हा 2016 चा नियम मला पाठ होता. चार दिवसांचे पैसे दिले, तिने मुकाट्याने घेतले.

मग काच कागदात गुंडाळून वर लाल अक्षरात 'काच' लिहू लागले. तिला वाचता येत नाही, हे परवा कळलं. आता गाडीची घंटा वाजली की पुडकं घेऊन मीच खाली उतरते.