पत्र्याच्या पेटीतले अंतराळ

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात गप्पा रंगल्या की विषय फिरून फिरून दोन गोष्टींवर येतो. एक, वसतिगृहातील पिठले-भाकरी. आणि दुसरी, गृहपालांच्या खोलीतील ती निळी पत्र्याची पेटी. त्या पेटीलाच आम्ही ग्रंथालय म्हणत असू. दर शनिवारी दुपारी ती उघडे. एकेका पुस्तकासाठी वहीत दहा-बारा नावे लागलेली असत. आपला क्रमांक येईपर्यंत पुस्तकाचे पुठ्ठे सुटलेले आणि कडा दोऱ्याने शिवलेल्या असत. तरीही त्या पेटीने आम्हांला जे दिले, त्याचा हिशेब आज मांडावासा वाटतो.

१९८७ साली दूरदर्शनवर भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ची मालिका सुरू झाली. सुमीत राघवन त्यात बनेश फेणेच्या भूमिकेत होते. वसतिगृहात दूरचित्रवाणी संच नव्हता, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांनी त्या मालिकेचा एकही भाग पाहिला नाही. पण फेणेची पुस्तके पेटीत होती. फुरसुंगीचा तो काटकुळा पोरगा आम्ही मनातच पडद्यावर आणला. पुढे कळले की, असे केवळ आमचेच झाले नव्हते. इंग्लंडमध्ये १९६३ पासून 'डॉक्टर हू' नावाची विज्ञानकथा-मालिका दाखवली जात असे. तिचे कितीतरी जुने भाग पुसून टाकण्यात आले. त्यांपैकी बरेच भाग आजही सापडलेले नाहीत. १९७३ पासून 'टार्गेट' या प्रकाशनाने त्या कथांची छोटी, स्वस्त पुस्तके काढली. टेरन्स डिक्स या एकाच लेखकाने त्यांतली साठांहून अधिक लिहिली. पडद्यावरून जे गेले, ते या पुस्तकांतून तिकडच्या मुलांच्या हाती राहिले. त्यांच्यातही 'माझे आवडते कोणते' यावर वाद झडत. आमचे वाद झडत ते जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर.

त्या कथा पेटीत आल्या त्या आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे. पगार झाला की सर परभणीहून एखादे पुस्तक घेऊन येत. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा कशी छापून आली, ही हकिकतही त्यांनीच सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली होती. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये, म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात होती. कथेला पहिला क्रमांक मिळाला. नाव झाकले तरी गुण झाकत नाही, हे ऐकून आम्ही मुले फार सुखावलो. नाव सांगताच समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आम्हांला त्या वयातही ठाऊक होते.

वसतिगृहात तीन पक्ष होते. पहिला 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचा. डावे-उजवे उलटे होण्याची ती गंमत समजावी, म्हणून सरांनी वहीच्या कागदाची लांब पट्टी कापली, तिला अर्धा पीळ दिला आणि टोके भाताच्या शिताने चिकटवली. पट्टीच्या मधोमध पेन्सिल फिरवत गेलो, तर रेघ दोन्ही बाजूंनी हिंडून निघाल्या जागी परत आली. त्या रेघेवरून कात्री चालवली, तर दोन कडी न होता एकच मोठे कडे हाती आले. गणिताला भिणारी चार-पाच मुले त्या दिवसापासून भिनाशी झाली. त्यांची आवडती कथा तीच राहिली.

दुसरा पक्ष 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ च्या युद्धात मराठे जिंकले आहेत आणि त्यामुळे पुढचा सारा इतिहास बदलला आहे. वाचून झाल्यावर चर्चा चालू असताना आमच्यातला एक अबोल मुलगा उठून म्हणाला, "सर, त्या दुसऱ्या जगात आपण कुठं असतो? पेशवाई टिकली असती, तर या बाकावर बसलो असतो का? चवदार तळ्याचं पाणी कोणी मोकळं केलं असतं?" खोलीत क्षणभर कोणीच बोलले नाही. सरांनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "ही कथा तू लिही." त्याने ती लिहिली की नाही, मला माहीत नाही. पण इतिहास वाचताना त्यात आपली जागा कुठे होती हे विचारायचे असते, हे त्या दुपारी आम्हांला कळले. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

मी तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे 'धूमकेतू'चा. एक हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळण्याची भीती निर्माण होते. शास्त्रज्ञ अवकाशात स्फोट घडवून त्याची वाट वळवतात. इकडे त्या निरीक्षकाच्या घरी यज्ञ होतो आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला दिले जाते.

ही कथा आमच्या हाती पडली, तेव्हा १९८६ साल होते आणि हॅलेचा धूमकेतू आकाशात आला होता. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राच्या आजीने निरोप धाडला, की शेपटीचा तारा जाईपर्यंत पोराला घरी पाठवा. परीक्षा तोंडावर आली होती. एकदा घरी गेलेला मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाई आणि परत येत नसे, हा आमचा अनुभव. सर एस.टी.ने त्यांच्या वस्तीवर गेले. त्यांनी वाद घातला नाही. ओट्यावर बसून गोष्ट सांगितली. आजीने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "मास्तर, त्या बाईनं यज्ञ केलाच नसता, तर काय झालं असतं?" सर म्हणाले, "आजी, हाच प्रश्न विचारायचा असतो." ऐकीव म्हणून, परंपरेचे म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळून पाहा, हा कालामांना दिलेला तथागतांचा उपदेश आम्ही ऐकलेला होता, तो त्या ओट्यावर घडला. मित्र वसतिगृहात राहिला. आज तो जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो.

मार्च महिन्यात एका पहाटे सरांनी आम्हांला उठवून आग्नेयेकडे बोट दाखवले. दिसला तो एक अंधूक पुंजका. आम्ही थोडे हिरमुसलो. पुढच्या सहलीत मंठ्यामार्गे लोणारला नेले, तेव्हा सर म्हणाले, की अंतराळातून आलेला दगड खरोखर आदळला, तर काय होते ते इथे पाहा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काळ्या कातळात उल्कापाताने झाले आहे. लोक त्याला लवणासुराची गोष्ट जोडतात. दोन्ही गोष्टी ऐकून खरी कोणती हे कसे ठरवायचे, याचा तो धडा होता.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्या दिवशी तिन्ही पक्षांतल्या वर्गमित्रांचे एकमेकांना फोन गेले आणि जुना वाद पुन्हा झाला. प्रत्येकाने आपलीच कथा श्रेष्ठ ठरवली. मला वाटते, तिघेही बरोबर होते. ज्या कथेत ज्याला स्वतःचा प्रश्न सापडला, ती त्याची आवडती झाली. मात्र प्रश्न सापडण्यासाठी पुस्तक आधी हातात यावे लागते.

आज वसतिगृहात संच आहे, मोठ्या मुलांकडे मोबाइल आहे. पेटीची जागा काचेच्या कपाटाने घेतली आहे. मित्रांना एवढीच विनंती, की मेळाव्याला येताना एकेक पुस्तक घेऊन या, आणि शक्य असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आणा. कपाटाला कुलूप न लावण्याविषयी मी गृहपालांशी बोललो आहे. पुठ्ठे सुटतील, कडा फाटतील. दोरा आणि दाभण मी देईन. हॅलेचा धूमकेतू २०६१ साली परत येईल. तेव्हा आजच्या पाचवीतली मुले पंचेचाळिशीच्या पुढे गेलेली असतील. त्यांच्या घरातून कोणी घाबरून निरोप धाडणार नाही, एवढे काम त्या कपाटाकडून व्हावे.