भंडारदऱ्याची वाट आणि चाकाचा सांधा

राजूर सोडून रंधा धबधब्यावरून पुढे गेले, की शेंडी गाव आणि १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण लागते. जलाशयाला वळसा घालणारी वाट मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा फेरा मारून पुन्हा शेंडीला येते. उत्तरेस १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, दक्षिणेस रतनगड, खाचरांत भात आणि उतारावर नाचणी-वरई. पर्यटकांची नजर डोंगरावर खिळते. आम्हा विस्तार खात्यातल्या माणसांची मात्र गावच्या जुन्या फोर-व्हील पिकअपच्या पुढच्या चाकांकडे जाते. कारण बी-खते आणणारी, भाताची पोती नेणारी आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणारी गाडी तीच असते.

अशा अनेक गाड्यांचे पुढचे चाक वरच्या व खालच्या बॉल जॉइंटवर वळते. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखीच त्याची रचना: वाटीत गोळा, आत ग्रीस, वर रबरी टोपण. पावसाळी वाटेवर टोपण फाटले, की चिखलपाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि गोळा झिजतो. मग खड्ड्यात खटखट आवाज येतो, स्टिअरिंग भरकटते, टायर एका कडेने खातो. तरीही गाडी चालतच राहते, आणि धोका तिथेच आहे. सांधा निसटला तर चाक आडवे पडते, आणि घाटातल्या वळणावर मग ब्रेक किंवा स्टिअरिंग काही उपयोगाचे राहत नाही.

शेतकरी बंधूंनो, याची प्राथमिक परीक्षा घरच्या अंगणात होते. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्या आर्मखाली लावून चाक जमिनीपासून उचला. चाक वर व खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलेपणा गेला तर बहुधा बेअरिंगचा दोष. तसाच राहिला तर सांध्यावर संशय घ्यावा.

बदलण्याचे काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडे द्या, आणि शेजारी उभे राहून पाहा. गाडी घोड्यांवर पक्की टेकवलेली असावी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठा जोर असतो, म्हणून त्या आर्मला आधार दिल्याशिवाय नट सोडू नये. सांधा पुलरने सोडवावा. ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा. नवा नट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावा. कॉटर पिन नवी घालावी. तिचे भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळावा, मागे फिरवू नये. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायरही लवकर झिजतील.

बैलगाडीच्या आखाला वेळेवर वंगण घालायची शिस्त आपल्या वाडवडिलांना होती. मृग लागण्याआधी नांगर-वखर तपासतो, तसेच पिकअपच्या पुढच्या चाकांखालीही एकदा डोकावावे. पोती दरीत गेली तर पुढच्या हंगामात पुन्हा पिकवता येतात. त्यांच्यावर बसून बाजाराला निघालेली माणसे पुन्हा मिळत नाहीत.