घाटांतील थांबा

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत टपालवाला आमच्या घरीं गुळगुळीत कागदाचें एक जाडजूड मासिक टाकून जातो. त्या दिवशीं मी महाविद्यालयांतून अंमळ लवकर परततों आणि हातपाय धुण्यापूर्वींच आरामखुर्चींत पडून तें चाळूं लागतों. आमच्या सौभाग्यवतींनीं त्या दिवसाला 'तुमची एकादशी' असें नांव ठेविलें आहे. कारण त्या दिवशीं मला जेवणाची शुद्ध नसते. मासिक अर्थात् वाङ्मयाचें नव्हे. तीस वर्षें जो मनुष्य वर्गांत वर्डस्वर्थ शिकवीत आला, त्यानें घरीं आल्यावर तरी वर्डस्वर्थ वाचूं नये, असें माझें मत आहे. हें मासिक मोटारींचें आहे.

येथें एक कबुली दिली पाहिजे. ज्या मोटारींचीं वर्णनें मी इतक्या भक्तिभावानें वाचतों, त्यांपैकीं बहुतेकांत बसण्याचा योग ह्या जन्मीं तरी मला येणार नाहीं. पण म्हणून काय झालें? वैकुंठाचीं वर्णनें वाचणाऱ्या भाविकांपैकीं किती जण वैकुंठ पाहून आलेले असतात? इटलींतील अमुक एक गाडी थांबल्या जागेवरून तीन सेकंदांत ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग गांठते, हें मला मुखोद्गत असतें. मात्र आमच्या घरच्या दुधाचा हिशेब मला कधींच सांगतां येत नाहीं. माझे विद्यार्थी माझी ही दुर्बलता ओळखून आहेत. तास कंटाळवाणा होऊं लागला कीं मागच्या बांकावरून एखादा धूर्त मुलगा विचारतो, "सर, ती नवी गाडी वाचलीत कां?" आणि मग त्या तासापुरता हॅम्लेट मरावयाचा राहून जातो.

तीन सेकंदांत शंभर! पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सायंकाळीं सहा वाजतां उभें राहून हा आंकडा मनाशीं म्हणून पाहावा, गंमत वाटते. इंग्लंडांत १८६५ सालीं पार्लमेंटानें असा कायदा केला होता कीं, यंत्रानें चालणाऱ्या गाडीनें गांवाबाहेर ताशीं चार मैलांहून आणि गांवांत दोन मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये, आणि तिच्यापुढें साठ यार्डांवर एका मनुष्यानें तांबडें निशाण घेऊन पायीं चालावें. १८९६ सालीं हें जोखड निघालें, तेव्हां मोटारवाल्यांना इतका हर्ष झाला कीं त्या वर्षींच्या १४ नोव्हेंबरला त्यांनीं लंडनहून ब्राइटनपर्यंत मिरवणुकीनें गाड्या नेल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, कीं सव्वाशें वर्षांनंतर पुण्याच्या पेठांत तो कायदा कोणीही न करतां अंमलांत येईल! फरक इतकाच, कीं निशाण धरणाऱ्या मनुष्याच्या जागीं आतां एक म्हैस किंवा नवरदेवाची वरात असते.

मोटारींच्या बातम्यांत अशा गमती पुष्कळ सांपडतात. विजेवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या, तेव्हां त्यांचा मोठा गुण म्हणून सांगितला गेला तो हा, कीं त्या आवाज करीत नाहींत. कांहीं काळानें लक्षांत आलें कीं आवाज नसल्यामुळें पादचाऱ्यांना, विशेषतः आंधळ्यांना, गाडी आलेली कळत नाहीं. तेव्हां युरोपांत २०१९ सालच्या जुलैपासून नव्या बनावटीच्या, आणि २०२१ सालच्या जुलैपासून विक्रीस येणाऱ्या सर्वच विजेच्या मोटारींना मंद वेगांत मुद्दाम आवाज करणारें यंत्र बसविण्याची सक्ती झाली. मनुष्यानें शंभर वर्षें खपून मोटारीला मुकें केलें, आणि तिला बोलावयास शिकविण्यासाठीं पुन्हां मास्तर नेमला! आमच्याकडे ह्या यंत्राची निकड कोणास फारशी वाटेल असें मला वाटत नाहीं. आमच्या मोटारी विजेच्या असोत वा पेट्रोलच्या, त्यांना भोंगा असतो, आणि तो वाजविण्यास हात असतो.

परंतु ह्या सर्व बातम्यांत माझें मन सर्वांत अधिक रेंगाळतें तें मृत्युवार्तांपाशीं. २०१४ सालच्या मे महिन्यांत बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यांत 'अँबॅसडर' निघावयाची बंद झाली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं जे लेख लिहिले ते एखाद्या पुढाऱ्याच्या वांट्यालाही क्वचित् येतात. पुढें 'पद्मिनी'ची पाळी आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं काढलेल्या कंपनीची ही लेक. मूळची इटलीची 'फियाट', कुर्ल्यास वाढली आणि १९७४ सालीं तिचें 'पद्मिनी' असें बारसें झालें. काळ्या अंगावर पिवळें टप घालून तिनें दोन पिढ्या मुंबईकरांना हिंडविलें. मुंबईंत टॅक्सीच्या आयुष्याला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. तेव्हां ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती हिशेबानें मुंबईच्या रस्त्यावरून नाहींशी झाली. लोक हळहळले. नव्या मोटारींत वारा गार, आसन मऊ, आवाज कमी, आणि तरी लोक हळहळले. हे अश्रू कशासाठीं, हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता.

त्याचें उत्तर शोधावयास मला बरेंच मागें जावें लागलें. कार्ल बेंझनें आपल्या तीनचाकी मोटारीचा हक्क २९ जानेवारी १८८६ रोजीं नोंदविला. पण ती घेऊन लांबच्या प्रवासास जाण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. तें केलें त्याच्या पत्नीनें. १८८८ सालच्या ऑगस्टमध्यें बर्था बेंझ नवऱ्याला न सांगतां दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरीं, फोर्झहाइमला, निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत इंधनाची नळी तुंबली. ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. तारेचें आवरण झिजलें. तेथें तिनें पायमोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलें, तें वीसलोखच्या औषधांच्या दुकानांतून घेतलें. ब्रेक झिजले, त्यांना एका चांभाराकडून चामडें ठोकून घेतलें. आणि चढ आला कीं मुलांनीं खालीं उतरून गाडी ढकलली. जगांतील पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा होता. त्या प्रवासांतून त्या दिवसांतले थांबे वजा केले, तर सांगण्यासारखें काय उरतें?

आमच्या घरींही एक मोटार होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, डॉक्टर. अनेक वर्षें यादींत नांव लावून बसल्यावर १९८१ सालीं त्यांना ती मिळाली. तिचें कूळ मी सांगणार नाहीं. नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें म्हणतात. त्यांत मी जुन्या मोटारीची भर घालतों. तिच्यांत एकच खोड होती: बोरघाटाचा चढ लागला कीं ती तापे. मुंबईस आत्याकडे जाऊन आम्ही संध्याकाळीं परत निघत असूं. खोपोली मागें पडली कीं अण्णांची नजर रस्त्यापेक्षां कांट्यावर अधिक असे. आणि शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास बोनेटखालून वाफ येई. इंग्रज अभियंत्यांना ज्या धनगरानें घाटांतून वाट दाखविली, असें सांगतात, त्याचें हें देऊळ. येणारे-जाणारे गाडीवाले तेथें पैसा टाकून पुढें जात. आम्ही पैसा टाकीत असूं आणि पुढें जात नसूं.

अण्णा खालीं उतरत, बोनेट उघडत आणि ओलें फडकें रेडिएटरवर टाकीत. मग म्हणत, "अर्धा तास कोणीं हात लावावयाचा नाहीं." तापलेल्या रेडिएटरचें झाकण घाईनें उघडलें तर उकळतें पाणी तोंडावर येतें. आई धाकट्या बहिणीला घेऊन गाडींत बसे. अण्णा आणि मी रस्त्याच्या कठड्यावर. पलीकडे दरींत आगगाडीचे दिवे बोगद्यांत शिरत आणि बाहेर पडत.

अण्णा घरीं बोलत नसत. सकाळीं रोगी, संध्याकाळीं रोगी, रात्रीं वर्तमानपत्र. 'अभ्यास झाला कां' एवढाच त्यांचा माझ्याशीं संवाद. पण त्या कठड्यावर त्यांच्या हाताला काम नसे. एकदां, मी चौदा वर्षांचा असेन, माझ्या दप्तरांत सहामाहीचें प्रगतिपुस्तक तीन दिवस सहीवांचून पडलें होतें. बीजगणिताच्या गुणांखालीं तांबडी रेघ होती. कोणत्या शब्दांनीं तें सांगावें, ह्या विचारांत मी दरींत खडे टाकीत होतों. अण्णा आपण होऊनच म्हणाले, "मी इंटरला एकदां नापास झालों होतों. तुझ्या आजोबांना सहा महिने सांगितलें नव्हतें. ते सहा महिने नापास होण्यापेक्षां वाईट गेले." एवढें बोलून ते उठले आणि झाकणाला हात लावून पाहूं लागले. घरीं पोंचल्यावर मीं प्रगतिपुस्तक त्यांच्यापुढें ठेविलें. त्यांनीं सही केली, आणि आम्ही जेवावयास बसलों. दप्तरांतली गोष्ट त्यांना आधींच ठाऊक होती कीं काय, हें मला आजतागायत कळलेलें नाहीं.

पुढें ती मोटार भंगारांत गेली. २००२ सालीं नवा द्रुतगति मार्ग पुरा झाला. २००९ सालीं मीं अण्णांना मुंबईस एका तज्ज्ञाकडे नेलें. माझी गाडी नवी होती. रस्ता गुळगुळीत, कांचा बंद, आंत गार वारा. घाट केव्हां आला आणि केव्हां गेला तें कळलेंही नाहीं. अण्णा खिडकींतून बाहेर पाहत होते. दोनदां त्यांनीं माझ्याकडे वळून पाहिलें, आणि दोन्ही वेळां मीं वेगाचा कांटा पाहिला. परत येतांना तसेंच. मोटारीनें त्या दिवशीं एकही चूक केली नाहीं. तीन महिन्यांनीं अण्णा गेले. त्यांना कांहीं सांगावयाचें होतें कीं नाहीं, कोण जाणे. पण सांगावयाचें असतें, तर मीं गाडी कोठें थांबविली होती?

गेल्या वर्षीं आमच्या चिरंजीवांनीं विजेवर चालणारी मोटार घेतली. दादरला एका लग्नाला आम्ही दोघे तिच्यांतून गेलों. आदल्या रात्रीं गाडीला वीज जोडण्याचें चिरंजीव विसरले होते. त्यामुळें परततांना घाट चढण्यापूर्वीं खालापूरजवळ उपाहारगृहांच्या आवारांत थांबणें भाग पडलें. पडद्यावर आंकडा आला: चाळीस मिनिटें. चिरंजीव वरमले. मीं मात्र चहा मागविला. पहिली दहा मिनिटें त्यानें आपल्या दूरध्वनींत डोकें घातलें होतें. मग तो खिशांत ठेवून तो म्हणाला, "बाबा, एक सांगायचं होतं. मी दोन महिन्यांपूर्वीं नोकरी सोडली."

गाडीचे हप्ते माझ्या डोळ्यांपुढून रांगेनें गेले. बोनेटखालीं वाफ जमूं लागली, हें मी नाकारीत नाहीं. पण तापलेल्या रेडिएटरचें झाकण घाईनें उघडावयाचें नसतें, हें मी अण्णांकडून शिकलों होतों. मीं चहाचे चार घोट घेतले. नंतर त्याला अण्णांच्या इंटरची गोष्ट सांगितली. ती त्यानें पूर्वीं कधींच ऐकली नव्हती. मीं ती घरीं कधीं सांगितलीच नव्हती. "सहा महिने?" तो म्हणाला. "मग माझे दोनच झाले." आम्ही दोघेही हंसलों. नोकरीचा प्रश्न तेथें सुटला नाहीं. पण तो आतां आम्हां दोघांचा झाला होता. चाळीस मिनिटें संपल्यावरही आम्ही उठलों नाहीं. मागें एक गृहस्थ आपल्या गाडीसाठीं जागा मागूं लागले, तेव्हां निघालों.

मोटारींचीं मासिकें मी अजून वाचतों. तीन सेकंदांच्या गाड्यांचा मोह गेलेला नाहीं, आणि तो जावा अशी इच्छाही नाहीं. परंतु परवां जुने अंक चाळतांना २०२५ सालच्या मार्चमधील एक बातमी पुन्हां हाताशीं आली. एका चिनी कारखान्यानें अशी योजना जाहीर केली होती कीं, अवघ्या पांच मिनिटांच्या विजेवर मोटार चारशें किलोमीटर धांवेल. मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. मीं ती सौभाग्यवतींना वाचून दाखविली.

"पांच मिनिटांत?" त्या म्हणाल्या. "पांच मिनिटांत चहासुद्धां होत नाहीं."

मीं अंक मिटला.